पिल्लू नंतर, आधी आई दाखवा

मावशी, नमस्कार.

आम्ही त्रिमूर्ती नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा, मी, सासूबाई आणि आठवीतली लेक. लेकीच्या मैत्रिणीकडे पांढरी पर्शियन मांजर आहे, तेव्हापासून हिलाही तशीच हवी. सहामाहीला चांगले मार्क आले तर आणू, असं हिचे बाबा बोलून बसले आणि पोरीने मार्क आणून दाखवले. ऑफिसातल्या ओळखीने एक विकणारा सापडला. त्याच्याकडे ३५ दिवसांची पिल्लं आहेत. ‘ट्रिपल कोट, पंच फेस’ म्हणतो, एकाचे १८,००० रुपये सांगतो. रविवारपर्यंत ५,००० अ‍ॅडव्हान्स दिला नाही तर पिल्लू रायपूरच्या पार्टीला जाईल म्हणतो.

माझी नणंद मानेवाड्याला असते. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मांजरांना खायला घालते. तिच्या जिन्याखाली एका मांजरीने चार पिल्लं दिली, त्यातली दोन उरली. एक तिरंगी, एक काळं. आमचं ठरतंय हे कळल्यावर तिने फोनवर सुनावलं, “इथं पिल्लं मरून राहिली अन् तुम्ही अठरा हजाराचं मांजर आणून राहिले. पाप आहे हे. ते घरात आलं तं मी पाय ठेवणार नाही.” नवऱ्याचं म्हणणं, देशी मांजर घरात टिकत नाही, पळून जाते. सासूबाई माळकरी आहेत. काळं मांजर त्यांना दारातही नको. पर्शियन मात्र चालेल, कारण “ते तं मांजरच नाही वाटत, खेळणं वाटते.”

खरं सांगू? त्या माणसाने पाठवलेला फोटो मी दिवसातून दहा वेळा उघडून बघते. मलाच ते पिल्लू हवंय. आणि नणंदेचं बोलणं रात्री झोपू देत नाही. काय करू?

दोन मांजरांच्या मधली, नागपूर

*

अगं मधले,

तुझ्या पत्रातलं सगळ्यांत खरं वाक्य सासूबाईंचं आहे. ते मांजर वाटत नाही, खेळणं वाटतं. त्या कौतुकाने म्हणाल्या असतील, पण पर्शियनच्या बाबतीत माणसाने नेमकं हेच करून ठेवलं आहे.

कुत्र्याला आपण कामासाठी घडवलं. राखणीचा वेगळा, शिकारीचा वेगळा, मेंढरांमागचा वेगळा. मांजर मात्र धान्याच्या कणगीतल्या उंदरांच्या वासाने आपणहून आली आणि राहिली. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. एवढ्या काळात तिचं नाक, कान, पाय बदलायची कुणाला गरज वाटली नाही. उंदीर पकडत होती, पुरे होतं. ‘जात’ नावाची भानगड फार तर दीडशे वर्षांची. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर नावाच्या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. हेतू भला होता: लोकांनी चुलीपाशी पडून असणाऱ्या साध्या मांजराकडेही जरा कौतुकाने बघावं. पुढे तिथे क्लब निघाला, हा त्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि सभासदांना मांजरांपेक्षा बक्षिसांची पडली आहे हे बघून वैतागून बाहेर पडला. म्हणजे आज तुझी नणंद जे भांडण भांडते आहे, ते मांजरांच्या पहिल्या प्रदर्शनवाल्याने स्वतःच भांडून ठेवलं आहे.

जुन्या काळच्या पर्शियनचे फोटो कुठे मिळाले तर लेकीला दाखव. लांब केस आहेत, पण नाकही आहे. पुढे चपट्या तोंडाला बक्षिसं मिळत गेली, तशी चपट्याची चपटीशी जोडी लावत गेले. तुझा विकणारा ज्याला ‘पंच फेस’ म्हणतो ते हेच. कुणी गुद्दा मारून नाक आत घातल्यासारखं तोंड. नावातच मारहाण आहे, बघ. आणि ‘ट्रिपल कोट’, म्हणजे केसांचे तीन थर, हा निव्वळ विकणाऱ्यांचा शब्द. जातीच्या मापदंडात असं काही नसतं. साडीच्या दुकानात ‘मॅडम, हा स्पेशल पीस आहे’ म्हणतात, त्यातला प्रकार.

आता माझी गोष्ट सांगते. मी काही वरून उपदेश करत नाही, मीही पैसे मोजून मांजर आणलेली बाई आहे.

नवाब नाव होतं त्याचं. राखाडी पर्शियन बोका. एका घरात बघायला गेले, टोपलीत चार पिल्लं होती, हा माझ्या ओढणीत शिरून झोपला. झालं, विषय संपला. मी विचारलंसुद्धा, “याची आई कुठे आहे?” उत्तर आलं, “ती दुसऱ्या घरी असते.” मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोज सकाळी त्याचे डोळे कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसावे लागायचे. नाक आत गेलं की डोळ्यांतलं पाणी नाकात उतरणारी नळी वाकडी होते, मग ते पाणी गालावरून ओघळत राहतं आणि तपकिरी डाग पडतात. जेवताना धाप लागायची. मे महिन्यात तर बघवायचं नाही. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी ती अंग चाटते आणि ती लाळ वाळताना गारवा मिळतो. अगदीच झालं की तोंड उघडून धापा टाकते. ज्याच्या नाकपुड्याच चिरेएवढ्या, त्याने धापा तरी कशा टाकाव्यात? नवतपाचे, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस नवाब बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून पडलेला असायचा आणि वीज गेली की मी ओला पंचा घेऊन त्याच्याजवळ. कूलर होता, पण कूलर विजेवरच चालतो ना.

सहाव्या वर्षी तो फार पाणी प्यायला लागला आणि वाळत गेला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांमध्ये पाण्याच्या गाठी, द्राक्षांचा घड ठेवल्यासारख्या. पर्शियनमध्ये हा आनुवंशिक आजार जुना आहे. आई किंवा बाप, कुणा एकाकडे सदोष जनुक असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. जनुक २००४ मध्ये सापडला, तेव्हापासून साधी डीएनए चाचणी आहे. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, की झालं. त्याआधीच्या पाहण्यांत तर पर्शियन मांजरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मांजरांत हा दोष दिसत होता. म्हणजे नवाबच्या आईबापांची एक चाचणी झाली असती तर... जाऊ दे. डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, “याची आई बघितली होती का?”

आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात. सोयरीक जमवताना ही म्हण आपण नको तितकी वापरतो, आणि जिथे ती खरोखर लागू पडते तिथे टोपलीतलं पिल्लू बघून विरघळतो.

तर तुझ्या त्या विकणाऱ्याला फक्त एक गोष्ट सांग: पिल्लू नंतर बघते, आधी याची आई दाखवा. फोटोत नाही, समोर. ती जिथे राहते तिथे. मग जाऊन नीट बघ. ती पिंजऱ्यात आहे की घरात फिरते? श्वास घेताना आवाज येतो का? डोळे कसे आहेत? अंगावर जटा आहेत की कुणी रोज विंचरतं? तिने आजवर किती वेळा पिल्लं दिली? माणसाचा हात लागल्यावर ती अंग चोरते की पाठ वर उचलते? हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण माणसाला भ्यायचं की नाही हे मांजर जन्मल्यानंतर साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात शिकते, आणि बरंचसं आईकडे बघून शिकते.

आता ३५ दिवस मोज. पाच आठवडे. म्हणजे शाळा अर्ध्यात सोडवून काढलेलं पोर. त्या वयात त्याचं दूधही पुरतं सुटलेलं नसतं आणि लस तर सुरूच झालेली नसते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. चांगले ब्रीडर तर बारा आठवड्यांपर्यंत पिल्लू आईपासून हलवत नाहीत. आणि हा माणूस ते रायपूरला पाठवायला निघालाय! ‘रविवारपर्यंत’ हे ऐकूनच मला घाम फुटला. प्लॉट विकणारा घाई करतो, ते समजू शकते. जिवंत जीव विकणाऱ्याला घाई असेल तर त्याला पिल्लू खपवायचंय, त्याचं घर बघायचं नाही.

म्हणजे सगळे ब्रीडर चोर आहेत का? तुझी नणंद हो म्हणेल. मी नाही म्हणणार. मांजरांची जात मनापासून जपणारे लोक मी पाहिले आहेत. ते आईबापांच्या चाचण्यांचे कागद आधी पुढे ठेवतात, वर्षा-दीड वर्षात एखादंच बाळंतपण होऊ देतात, आणि तुम्हालाच उलट वीस प्रश्न विचारतात. घर भाड्याचं आहे का, बाल्कनीला जाळी आहे का, गावाला जाताना कोण सांभाळणार. नाही जमलं तर पिल्लू परत आमच्याकडेच द्यायचं, असं लिहून घेतात. त्यांचा एक मुद्दाही मला पटतो: स्वभाव आणि गरजा आधी माहीत असल्या की माणूस फसत नाही, आणि फसला नाही की मांजर रस्त्यावर येत नाही. शिवाय आपल्या गल्लीत मांजरं वाढतात ती काही जातिवंत पर्शियनमुळे नाही, हेही खरं. पण असा माणूस ऑफिसातल्या ओळखीने, अठरा हजारांत, रविवारपर्यंत मिळत नसतो. त्याच्याकडे बहुधा थांबावं लागतं.

(जाता जाता: हाच माणूस उद्या ‘पर्शियन गेली, पण दुमडलेल्या कानांची आहे’ म्हणेल. स्कॉटिश फोल्ड. तिला तर हातच लावू नकोस. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतावर सूझी नावाची अशा कानांची मांजर दिसली, तिच्यापासून ही जात निघाली. कान दुमडतो तो कूर्चेतल्या दोषामुळे, आणि कूर्चा फक्त कानात नसते. सगळ्या सांध्यांत असते. ब्रिटनच्या मुख्य नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच तिची नोंदणी थांबवली. आपल्याकडे लोक अजून ‘किती क्यूट बसते’ म्हणून फोटो टाकतात. ती तशी बसते, कारण बहुतेक वेळा तिला दुखत असतं.)

आता नणंदबाईंकडे वळू. तिचं मन सोन्याचं आहे, पण मला तिचेही कान धरायचे आहेत.

पहिलं म्हणजे ‘पाप’ हा शब्द. लाज वाटून आणलेलं मांजर पहिल्यांदा सोफा फाडतं त्या दिवशी ओझं होतं. मांजरं सांभाळणाऱ्या कुणालाही विचार, परत येणाऱ्या पिल्लांत अशी बरीच असतात. ‘बिचारं’ म्हणून नेलेली. मांजर बिचारं नसतं, दोन महिन्यांत ते तुला बिचारी करून सोडतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तिच्या जिन्याखालची पिल्लं तुला दिली, ती सुटली. आणि त्यांची आई? तिचं पुढे काय, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मी विकणाऱ्याला जो प्रश्न विचारते तोच तिला विचारणार: आई दाखवा.

हे गणित नीट समजून घे. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो ना आपण, मांजरीचं शरीरही तेच मोजत असतं. उजेडाचे तास वाढू लागले की ती माजावर येते. नऊ आठवड्यांनी पिल्लं. म्हणून आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जिन्याखाली, माळ्यावर, बंद गाडीच्या बॉनेटखाली पिल्लं सापडायला लागतात, आणि ती आईपासून सुटायच्या वेळेला नवतपा सुरू होतो. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पावसाळ्यात दुसरी खेप. आणि तिची लेक, तुझी ती तिरंगी, चार-पाच महिन्यांत स्वतः माजावर येऊ शकते. (तिरंगी ही जवळजवळ नेहमी भाटी, म्हणजे मादीच असते. काळा आणि केशरी दोन्ही रंग अंगावर दिसायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. लेकीला नववी-दहावीत आनुवंशिकता येईल तेव्हा घरातच प्रयोगशाळा.) तुझी नणंद रोज पोटभर खायला घालते, त्याने त्या मांजरीच्या अंगात बळ येतं आणि तिची जास्त पिल्लं जगतात. खायला घालणं वाईट नाही. पण नुसतं खायला घालून नसबंदीचं ऑपरेशन टाळणं म्हणजे नळ सोडून पोछा मारत बसणं.

चांगली गोष्ट अशी, की हे काम ज्याने होतं ते तिच्याकडे आधीच आहे. ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा. पिंजरा भाड्याने किंवा कुणा प्राणिमित्राकडून मागून आणायचा, त्याचं दार बांधून उघडं ठेवायचं आणि चार-पाच दिवस त्यातच खायला द्यायचं. मांजरीला सवय झाली की दोरी सोडायची. पकडल्याबरोबर पिंजऱ्यावर चादर टाकायची, अंधारात ती शांत होते. दवाखान्यात भूल असतानाच कानाचं टोक किंचित कापून घ्यायचं, म्हणजे पुढे कुणी तिला पुन्हा पकडणार नाही. बरी झाली की त्याच जिन्यापाशी सोडायची, दुसरीकडे कुठे नाही. ती जागा मोकळी झाली तर तिथे दुसरी येऊन बसेल. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात आधी चौकशी करा, खासगी डॉक्टरांचे दर त्यानंतर विचारा. तुझ्या अठरा हजारांतला लहानसा हिस्सा यात जाईल.

शेल्टरबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण तुला कुणीतरी ‘शेल्टरमधून आण’ म्हणणारच. आपल्याकडे शेल्टर म्हटलं की मुख्यतः कुत्री. मांजरांना सांभाळणारे लोक बहुतेक आपल्याच घरातल्या एका खोलीत सांभाळतात. जिथे एका खोलीत वीस मांजरं असतात तिथे एकीला सर्दी झाली की सगळ्यांना होते, आणि मांजरांचा तो उलट्या-जुलाबांचा, कुत्र्यांच्या पार्व्होसारखा आजार शिरला तर लस न झालेली पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. त्यामुळे तिथेही डोळे उघडे ठेवून जायचं. दत्तक देणारी ताई खिडकीच्या जाळीचा फोटो मागते, घर बघायला येते, म्हणून रागवायचं नाही. मुलगी देताना आपण नाही का घर बघत? जी काही न विचारता पिल्लू हातात ठेवते, तिच्याकडून घेऊ नये.

नवरोबांचं म्हणणं एका वाक्यात निकालात निघतं. पळून जाते ती देशी म्हणून नाही, ऑपरेशन न झालेली म्हणून. साधारण पाच-सहा महिन्यांना ते करून घेतलं की बोक्याचं गावभर हिंडणं आणि भिंतींवर लघवीचे फवारे मारणं, दोन्ही बरंच कमी होतं. माझी मांजर चिमणी महाल भागातल्या एका पडक्या वाड्यातून आली, एका डोळ्याने आंधळी, आणि चौदा वर्षं माझ्या उशीवर झोपली. मी उठून पाणी प्यायला गेले तरी ती मागे यायची. पळून काय जाते! हां, तिसरा मजला आहे, तेव्हा बाल्कनीला जाळी हवीच. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची नको, मांजर ती दातांनी कुरतडते. लोखंडी बारीक जाळी लाव.

सासूबाईंशी वाद घालायचा नाही. माळकरी बाईला काळ्या रंगाचं वावडं कसं, एवढंच लेकीने हसत विचारावं. विटेवरचा तो काय गोरा आहे का? आपल्या लोकांच्या मनात मांजराची भीतीही आहे आणि मानही. आपल्या हातून मांजर मेली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, हे त्यांनीही ऐकलं असेल. ज्याची इतकी मोठी भरपाई, ते हलकं कसं असेल? काळ्याचं नाव त्यांनाच ठेवू दे. ज्याचं नाव आपण ठेवतो त्याला दारातून हाकलणं जड जातं.

जेवणाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो पर्शियन आणलीस तरी तितकाच आहे. दूधभातावर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिचं शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. आणि ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण कितीही लाडकी असली तरी बऱ्याच मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मासे-चिकन शिजवायची गरज नाही. मांजरांचं कोरडं तयार खाद्य, वाटी वेगळी, जागा बाल्कनीची, हात धुवायचा साबणही तिथेच. बऱ्याच माळकरी घरांत हे असं चालतं.

आता तुझ्याबद्दल, कारण मांजर मुलीचं नाहीच. मांजर पंधरा वर्षं जगतं. लेक तेरा-चौदाची आहे. दोन वर्षांत दहावी, मग बारावी, मग नागपूरची बाकीची पोरं जातात तशी पुण्याला. मांजराच्या शी-शूचा डबा तेव्हा तूच साफ करणार आहेस. म्हणून ‘मलाच ते हवंय’ असं तू लिहिलंस याचा मला आनंद झाला. तुझं मन पांढऱ्या केसांवर गेलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक रस्ता नणंदेने सांगितला नाही आणि विकणाराही सांगणार नाही. मोठी पर्शियन. हौसेने आणलेल्या पर्शियन दीड-दोन वर्षांत लोकांना नकोशा होतात. रोजचं विंचरणं होत नाही, काखेत नि पोटाखाली जटा धरतात, डोळे गळतात, पाहुण्यांसमोर लाज वाटते. मग ‘चांगल्या घरी द्यायची आहे’. प्राणी वाचवणाऱ्यांकडे अशा मांजरी येत असतात. त्यात एक फायदा आहे: तिची आई बघायची गरज उरत नाही. नाक किती आत आहे, श्वास कसा आहे, स्वभाव कसा आहे, सगळं समोर दिसतं. मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून बघता येते. दिवाळीपर्यंत ही इच्छा टिकली तर अशी एखादी शोध, उन्हाळ्यात तर मुळीच नको. आणि माझं ऐकशील तर त्यातल्या त्यात लांब नाकाची घे.

तोवर मी तुझ्या जागी असते तर ती दोन्ही पिल्लं आणली असती. दोन्ही म्हणजे दोन्ही. एकटं पिल्लू कंटाळून तुझ्या पायाला चावतं, दोघं एकमेकांना चावतात. आधी आठ आठवडे पूर्ण होऊ देत. मग डॉक्टर, जंताचं औषध, मांजरांची तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीच, तीन महिन्यांनंतर रेबीजची. पहिले पंधरा दिवस एका खोलीत, कारण गल्लीतल्या पिल्लांच्या अंगावर नायटा असू शकतो आणि तो माणसालाही लागतो. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही. एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

पण नणंदेला अट घाल. पिल्लं मी नेते, आईचं ऑपरेशन तू करून आणायचंस, पैसे माझे. ती भांडेल, ‘पकडायची कशी’ म्हणेल. वरचा पिंजऱ्याचा परिच्छेद तिला वाचून दाखव. आणि त्या दिवशी तुझ्या नवऱ्याला गाडी घेऊन पाठव. मांजरीचा पिंजरा मांडीवर धरून मानेवाड्याहून सेमिनरी हिल्सला गेलेला माणूस देशी मांजर टिकत नाही असं पुन्हा म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे.

राहिला रविवार. त्या माणसाला अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी फोन कर आणि विचार, “आईला बघायला केव्हा येऊ?” त्याने वेळ आणि पत्ता दिला तर जा, बघून ये, मला पुन्हा लिही. “मॅडम, व्हिडिओ पाठवतो” म्हणाला, तर बरं म्हण, फोन ठेव, आणि लगेच नणंदेला लाव.

तुझी,
मावशी